चार्ज घ्यायला कोण येणार?

या अंकासाठी तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तेच पत्र नावगाव बदलून माझ्याकडे जवळजवळ दर महिन्याला येतं.

प्रश्न : ताई, मी सांगलीत गावभागात राहते. वय 47. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, फक्त 'हां' आणि 'नको' एवढंच येतं. मिस्टर कुपवाडला एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहेत. दीर पुण्यात, नणंद तासगावला. दोघंही फोनवर 'आम्ही आहोतच की' म्हणतात. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत सगळं माझ्याकडे. मागच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी तिसऱ्यांदा अंथरूण ओलं केलं, तेव्हा मी ओरडले आणि त्यांचा हात झटकला. त्या रडल्या. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. त्यांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा आलाय, तिथे रोज खोबरेल तेल चोळते. दिवसाची बाई लावावी म्हटलं तर नणंद म्हणाली, 'आईला परक्याच्या हातात देणार का?' मला स्वतःला तीन महिने पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातंय, पण दवाखान्यात जायचं तर आत्यांपाशी कोण बसणार? माझं कुठे चुकतंय?
— एक सून, सांगली

उत्तर : तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय ते मी आधी घेते. पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जाणं हे 'पाळी जायचं वय झालं' म्हणून सोडून द्यायचं दुखणं नाही. गर्भाशयात गाठी असतील, थायरॉइड असेल, दुसरंही काही असेल. तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय तीन महिने असं रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरलेलं असणार. पाय ओढत चालणं, जिना चढताना धाप लागणं, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं, हे सगळं त्यातून येतं. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. रक्त आणि सोनोग्राफी सांगतील, ती करून घ्या.

आत्यांपाशी कोण बसणार? नणंद. तासगाव काही लांब नाही. पण 'कधीतरी ये गं' असं म्हणू नका. 'बुधवारी सकाळी दहा ते दोन तू आईपाशी बस, मला डॉक्टरांची वेळ मिळालीय' असं सांगा. वार आणि तास ठरवून मागितलं की 'आहोतच की' म्हणणाऱ्या माणसाला एकतर यावं लागतं, नाहीतर नाही म्हणावं लागतं. दोन्हींपैकी काहीही झालं तरी तुम्हाला कळतं आपण कुठे उभ्या आहोत.

आता तो चट्टा. तिथे चोळणं आजपासून बंद. तेल, स्पिरिट, पावडर, काहीही लावून चोळायचं नाही. आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आधीच दबलेल्या असतात, चोळल्याने त्या आणखी फाटतात. बोटाने दाबून सोडून बघा. जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर अजून हातात आहे. तशीच लाल राहिली तर बेडसोरची सुरुवात झाली असं समजा. सावळ्या कातडीवर हा फरक नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का तेही हाताने पाहा. कातडी उघडली, पाणी सुटलं किंवा वास आला तर डॉक्टरांना घरी बोलवा. घरगुती मलम लावून वाट पाहू नका.

औषध एकच, त्या जागेवरचा दाब काढणं. दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर घातलं तर खुब्यावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी सरकवून अर्धवट कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घाला, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. मधे भोक असलेली हवेची रिंग जुन्या घरांतून अजून काढली जाते, ती वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. एअरबेड घेतलात तरी कूस बदलणं चुकत नाही. तो घेणारे बरेच जण तिथेच फसतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. कमरेखाली एक आडवी चादर कायम ठेवा आणि दोघांनी ती दोन्हीकडून धरून उचला. खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून खाट तुमच्या कमरेइतकी उंच करून घ्या. आत्या स्वतः उठायचा प्रयत्न करत असतील तर मात्र उंच खाट नको, पडतील. जेवणात रोज एक अंडं, घट्ट वरण, दूध, शेंगदाण्याचं कूट, जे त्यांना चालतं ते द्या. प्रोटीन पोटात गेल्याशिवाय जखम भरत नाही.

भरवताना सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, घास लहान. उजव्या गालात घास साठून राहतो, तो बोटाने काढा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना खोकला येत असेल तर ते गिळणं बिघडल्याचं लक्षण आहे. डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण ते पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

आता तुम्ही ओरडलात त्याबद्दल. हात झटकणं चुकलंच. तुम्हालाही ते माहीत आहे, म्हणून तर झोप येत नाही. पण त्यातली एक गोष्ट कदाचित तुम्हाला कुणी सांगितली नसेल. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं केंद्र डाव्या बाजूला असतं आणि उजवं अंगही डावीच बाजू चालवते, म्हणून उजवी बाजू जाते तेव्हा पुष्कळदा बोलणंही जातं. बोलणं गेलं म्हणजे समजणं गेलं असं नाही. आत्यांना बोलता येतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त कळत असणार. म्हणून त्यांच्याजवळ बसा, डावा हात हातात घ्या आणि सांगा, 'आत्या, त्या दिवशी माझं चुकलं. मी दमले होते.' छोटी वाक्यं बोला. उत्तर द्यायला त्यांना वेळ द्या. आणि एक करून पाहा : त्यांना तोंडपाठ असलेली आरती किंवा जात्यावरची ओवी तुम्ही सुरू करा. साधं 'पाणी दे' म्हणता न येणारी माणसं पुष्कळदा पाठ असलेलं गाणं म्हणतात. माझ्या वॉर्डात एक आजी महिनाभर मुक्या होत्या. एका संध्याकाळी शेजारच्या खाटेवर आरती सुरू झाली आणि त्यांनी ती शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटली. त्यांचा मुलगा दारात उभा राहून रडत होता.

अंथरूण ओलं होणं एकदम वाढलं असेल तर लघवीची तपासणी करून घ्या, इन्फेक्शन असू शकतं. ओलं होतं म्हणून पाणी कमी करू नका. दर दोन तासांनी, कूस बदलतानाच, पॉट द्या. आणि रडणं थांबत नसेल, जेवण सुटलं असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पॅरालिसिसनंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध असतं. पुढच्या वेळी राग डोक्यात चढला तर त्यांना खाटेच्या मधोमध सुरक्षित ठेवा, पाठीमागे उशी लावा आणि पाच मिनिटं बाहेर सोप्यात जाऊन उभ्या राहा. ओल्या चादरीने पाच मिनिटांत काही बिघडत नाही.

पण बाई, हे सगळं कितीही नीट केलं तरी ते एकट्या माणसाने करायचं काम नाही. मी 31 वर्षं मिरजेत स्टाफ नर्स होते. आठ तास झाले की दुसरी सिस्टर यायची. खाटेखाटेपाशी उभं राहून मी तिला सांगायची, यांना ताप होता, यांची कूस चारला बदलली, यांचं पाणी निम्मं राहिलंय. त्याला आम्ही चार्ज देणं म्हणतो. चार्ज दिल्यावर बस धरायची आणि घरी यायचं. तुमची पाळी पहाटे पाच ते रात्री दहा, म्हणजे सतरा तासांची. आठवड्याचे 119 तास. चौदा महिन्यांत चार्ज घ्यायला कुणी आलेलं नाही. वॉर्डात एखाद्या सिस्टरकडून कुणी असं काम करून घेतलं असतं तर आम्ही मेट्रनच्या दारात जाऊन बसलो असतो.

हे मला माझ्या घरी कळायला फार वेळ लागला. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी माझ्या आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, खुबा मोडला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मी नर्स, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि मीही धरलं. वर्षभराने माझं बीपी इतकं वाढलं की डॉक्टर माझ्यावर रागावले. त्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि आत्यांच्या उशाशी खिळ्याला सुतळीने टांगली. कुणी काय केलं आणि किती वाजता, एवढंच लिहायचं. पानभर माझंच अक्षर. दिवाळीला मुंबईचे धाकटे दीर आले तेव्हा मी काही बोलले नाही, वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, 'आज रात्रीचा चार्ज तुम्ही घ्या.' रात्री दोनदा उठून त्यांनी आईची कूस बदलली. सकाळी चहा घेताना म्हणाले, 'वैनी, हे रोज?' पुढच्या महिन्यापासून रात्रीच्या मावशींचा पगार त्यांनी दिला, आणि मे महिन्यात आठ दिवस येऊन राहायला लागले.

तुम्हीही वही टांगा. पंधरा दिवस लिहा. मग दीर, नणंद, मिस्टर आणि तुम्ही एका रविवारी बसा. मिस्टरांना सांगा की बोलायचं त्यांनी, कारण आई त्यांची आहे. शिफ्टवरून आल्यावर किमान दोन वेळा कूस बदलणं आणि रात्रीचा एक पॉट हे त्यांचं काम. दिरांना येता येत नसेल तर बाईचा पगार त्यांचा, ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम. नणंदेचा आठवड्यातला एक दिवस.

आणि बाई लावाच. परक्याच्या हातात देणं वगैरे काही नाही त्यात. मी आयुष्यभर परक्यांच्याच आईवडिलांना हात लावला. तिच्या आधारची प्रत घ्या, पहिले चार दिवस सोबत राहून कूस आणि पॉट शिकवा, आठवड्याची सुट्टी द्या, चहा तिला आपल्याच कपात द्या. अंगाची कामं तिने केली की तुमच्याकडे आत्यांपाशी नुसतं बसायला वेळ उरेल.

नणंदेशी वाद होऊ नये, पण झालाच तर एक माहिती जवळ ठेवा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 साली केंद्राचा कायदा झाला. त्यात सांभाळायची जबाबदारी अपत्यांवर टाकली आहे, आणि अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. त्या व्याख्येत सून नाही. तुम्ही आत्यांचं करता ते जीव लावून करता. पण 'हे तुझंच काम' असं सांगण्याचा हक्क त्या घरात कुणाला नाही, आणि लेकीची जबाबदारी लेकाइतकीच आहे.

डॉक्टरकडे जाऊन आलात की मला कळवा. मी वाट पाहते.

प्रश्न : मी नोकरीसाठी पुण्यात असतो. आईवडील सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला राहतात. वडील 84, कॅथेटर (लघवीची नळी) आहे, रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. आई 79. दर जुलैला हाच वाद. पाणी वाढायला लागलं की मी 'निघा' म्हणतो, वडील म्हणतात, 'एवढ्यात नाही येत.' त्यांना कधी हलवावं?
— एक मुलगा, पुणे

उत्तर : तुमच्या वडिलांसारखंच मी 2019 ला बोलले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या गल्लीत 2005 ला पायरीपर्यंत पाणी आलं होतं, उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. भिंतीवर खूण होती. त्या खुणेवर माझा विश्वास. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी त्या खुणेच्या वर गेलं. आत्यांना खाटेवरून चादरीच्या झोळीत घेऊन चार पोरांनी जिन्यावरून वरच्या मजल्यावर नेलं, आणि दुसऱ्या दिवशी बोटीत उतरवलं. खुबा मोडलेलं माणूस. त्यांचं ते कण्हणं मी विसरलेले नाही. शेजारच्या पोरांचे उपकारही.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. हे आकडे धडधाकट माणसांसाठी आहेत, अंथरुणावरच्या माणसाला ते लावू नका. तुमच्या भागात तर पाणी इशारा पातळीच्याही आधी रस्त्यावर येतं. मे महिन्यातच घरात सगळ्यांसमोर एक आकडा ठरवा. मी असते तर 30 फूट ठरवला असता. तो आकडा वडिलांच्या तोंडून वदवून घ्या आणि कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. स्वतः लिहिलेलं माणूस सहसा मोडत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की ते पाणी सांगलीत पोचेपर्यंत जे तास मिळतात तेवढेच आपले. हरिपूरला वारणा येऊन मिळते, तिला फुगवटा आला की कृष्णेचं पाणी उतरतही नाही.

कुठे जायचं तेही आधी ठरवा. मिरजेत नातेवाईक असतील तर उत्तम. शाळेतल्या निवारा केंद्रात 84 वर्षांच्या माणसाला जमिनीवर बसून उठता येत नाही आणि संडास लांब असतो. कमोडची घडीची खुर्ची सोबत नसेल तर फार हाल होतात. पूर आला की भागातली वीज बंद करतात, आणि ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. भरलेला सिलिंडर आणि तो जोडायला शिकलेलं एक माणूस जूनपासून तयार हवं. एक पिशवी दाराशी : पंधरा दिवसांची औषधं, कॅथेटरच्या दोन जादा पिशव्या, डायपर, चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल, आणि सगळे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. प्रिस्क्रिप्शनचा फोटो तुमच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

हलवताना तुम्ही स्वतः या. 'निघा' हे पुण्याहून फोनवर सांगणं आणि दाराशी गाडी लावून उभं राहणं यात फार फरक पडतो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आईला विचारा, तिला जायचं असतं पण वडिलांपुढे ती बोलत नाही, असं असण्याची शक्यता खूप आहे.

प्रश्न : माझे वडील 73 वर्षांचे, आम्ही जतजवळ राहतो. 70 वर्षांवरच्यांसाठी पाच लाखांचं कार्ड निघालंय म्हणतात. त्यातून घरी ठेवलेल्या बाईचा आणि डायपरचा खर्च मिळेल का?

उत्तर : नाही. आयुष्मान वय वंदना कार्ड 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालं. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आधारवरच्या वयावर ते मिळतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, पण ते योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर. डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं त्यात येतात. घरच्या सेवेचा खर्च येत नाही. तरी कार्ड आजच काढून ठेवा. मध्यरात्री ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर आधारचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो हे शोधत बसायची पाळी येऊ नये, म्हणून वडिलांच्या आधारला कोणता नंबर जोडलाय तेवढं आधी बघा. पुष्कळदा तो बंद पडलेल्या सिमचा असतो.

ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. वडिलांनाच हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या.